न्यू जर्सी ते आल्फ्रेड : एका क्रॉसच्या मागे



अमेरिकेला जाऊन आलेल्या आपल्या मंडळींची प्रवासवर्णने आपण सर्वांनी वाचली आहेत. नायगारा, स्वातंत्र्यदेवी, व्हाईट हाऊससमोरचा फोटो. आम्ही उभयता गेल्या शरद ऋतूत पाच आठवडे तिकडे होतो, पण आमच्या फोटोंत जास्त करून एका पिकअप ट्रकचे पोट आहे. ज्यांना धबधबे हवेत त्यांना एकदोन मिळतील, तेही घाईघाईत. मात्र ज्यांच्या घरात कोणी ना कोणी रेल्वेच्या, गिरणीच्या, गोदीच्या नाहीतर बसच्या वर्कशॉपात उमेदीची वर्षे घालवली (आणि आपल्यात असे घर नाही कुठले?) त्यांनी पुढे जरूर वाचावे. मुलांनीही वाचावे, त्यांच्यासाठी मध्ये एक खेळ आहे.

आमचा भाचा न्यू जर्सी राज्यातल्या एडिसन गावात राहतो. विजेच्या दिव्यावाल्या एडिसनसाहेबांचेच हे नाव. त्यांची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा इथेच होती. आता तिथल्या ओक ट्री रोडवर साड्यांची दुकाने, मिठाया, वडापाव, आणि कानावर गुजराती, हिंदी, मधूनच एखादे मराठी वाक्य. आम्हाला पहिले दोन दिवस अमेरिकेत आल्यासारखे वाटलेच नाही.

भाच्याचा धंदा नळ आणि बॉयलर दुरुस्तीचा. पाईप, पाने, वेल्डिंगचे सामान, सगळे पिकअपवर. गाडी उभी राहिली की चूल थंड. पिकअप जुनी, सेकंडहँड घेतलेली, मागच्या चाकांवर चालणारी. इंजिनात खोट नाही, बॉडीला थोडा गंज. पण चौदा महिन्यांत चार वेळा तिचा क्रॉस गेला होता. आम्ही विमानतळावर उतरलो तेव्हा भाचा गाडी विकून टाकायच्या विचारात होता. नवी घ्यायची तर साठ महिन्यांचे हप्ते, आणि धाकट्या मुलीच्या कॉलेजची फी अजून दोन वर्षे बाकी. घरी पोचायच्या आत मामींनी हे सगळे त्याच्या तोंडून काढून घेतले. मामांनी एवढेच विचारले, "जुने क्रॉस फेकलेस की ठेवलेस?"

(मामा आणि मामी म्हणजे आम्हीच. भाच्याच्या घरी राहून आम्हाला एकमेकांना तसेच म्हणायची सवय लागली, ती अजून सुटलेली नाही.)

आता मुलांनो, क्रॉस म्हणजे काय ते ऐका. पिकअपचे इंजिन पुढे असते आणि जोर द्यायचा असतो मागच्या चाकांना. म्हणून गाडीच्या पोटाखालून एक पोकळ लोखंडी दांडा फिरत जातो, त्याला शाफ्ट म्हणतात. खड्डा आला की मागची चाके वर-खाली होतात, पुढचे इंजिन मात्र जवळजवळ जागच्या जागी. दांडा ताठ जोडला तर पहिल्याच खड्ड्यात मोडेल. तेव्हा त्याला असा सांधा हवा की जो फिरेलही आणि वाकेलही. दोन चिमटे समोरासमोर धरा, एक आडवा, एक उभा, आणि दोघांच्या मध्ये बेरजेचे चिन्ह पकडा. चिन्हाची दोन टोके एका चिमट्यात, दोन दुसऱ्यात. ते बेरजेचे चिन्ह म्हणजे क्रॉस. त्याच्या चारी टोकांवर एकेक छोटी लोखंडी वाटी बसते. वाटीत भिंतीला लागून सुयांसारख्या बारीक काड्या उभ्या असतात आणि त्यांच्यावर ते टोक डुलते. काड्यांच्या मध्ये ग्रीस.

मुंबईच्या वर्कशॉपात आम्ही क्रॉसच म्हणायचो. इस्राएलमध्ये मुसाखवालासुद्धा 'त्सलाव' म्हणतो, म्हणजे तेच. सबंध सांध्याला 'कर्दान' म्हणतात ते जेरोलामो कार्दानो (१५०१–१५७६) या इटालियन पंडितावरून. पुढे सतराव्या शतकात लंडनच्या रॉबर्ट हूकने असल्या सांध्याचा अभ्यास केला. म्हणजे गोष्ट मोटारीपेक्षा कितीतरी जुनी.

हा सांधा तुटणे म्हणजे नुसती गाडी बंद पडणे नव्हे. हायवेवर शाफ्ट मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्या मारतो. पुढच्या टोकाचा क्रॉस तुटला तर ते टोक खाली रस्त्यावर पडते आणि एखाद्या सांध्यात रुतले तर गाडी मागून उचलली जाऊ शकते. म्हणून शाफ्टच्या पुढच्या भागाखाली एक लोखंडी कडे बसवतात, तुटला तरी शाफ्ट त्यात अडकून राहावा. भाच्याच्या गाडीला ते नव्हते. पहिल्याच आठवड्यात मामांनी ते बसवून घेतले, त्याशिवाय मामी गाडीत बसायला तयार नव्हत्या.

भाच्याने जुने चारही क्रॉस कॉफीच्या डब्यात ठेवले होते. मामांनी ते रॉकेलसारख्या कशात तरी धुतले, चष्मा वर केला आणि खिडकीपाशी एकेक फिरवून पाहिले. वैद्य नाडी बघतो तसे. क्रॉस मेला की तो कशाने मेला हे त्याच्या टोकांवर लिहिलेले असते. तांबडी भुकटी निघाली तर ग्रीस संपले आणि पाणी शिरले. टोकावर काड्यांच्या जाडीच्या बारीक रेघा दाबून उमटल्या असतील तर जोर जास्त पडला, नाहीतर कोन चुकला. टोकाचा अगदी शेंडा घासून चमकत असेल तर कोनाचाच संशय आधी घ्यायचा. पहिल्या क्रॉसवर भुकटी होती, तो वयाने गेला असेल. पुढच्या तिघांवर रेघा होत्या, तिन्हींवर सारख्याच. तीन वेगळ्या दुकानांतले, त्यातला एक चांगला महागातला.

"माल वाईट नाही," मामा म्हणाले. "तीन माणसं एकाच खोलीत आजारी पडली तर माणसं बदलत नाहीत, खोली बघतात."

पण प्रत्येक वेळी भाच्याला घाई. सकाळी गाडी टाकायची, संध्याकाळी न्यायची, गिऱ्हाईक खोळंबलेले. मग दुरुस्ती करणारा तुटलेला काढतो, नवा ठोकतो, पैसे घेतो. त्यालाही फार दोष देता येत नाही, क्रॉस बदलायला सांगितले तर तो क्रॉसच बदलणार.

मामांच्या तरुणपणी वर्कशॉपात क्रॉसच्या खोक्यांवर एक नाव असायचे, स्पायसर. आम्हाला ते कंपनीचे नाव एवढेच ठाऊक. भाच्याच्या मुलीने शोधून सांगितले की तो एक माणूस होता, आणि त्याचा कारखाना इथून पंधरा मिनिटांवर होता! एका रविवारी आम्ही ती जागा बघायला साऊथ प्लेनफिल्डला गेलो.

क्लॅरेन्स स्पायसर १८७५ साली इलिनॉय राज्यात जन्मला. कॉर्नेल विद्यापीठात इंजिनीअरिंग शिकत असताना त्याने एका मोटारीचा आराखडा केला. तेव्हाच्या पुष्कळ मोटारींत मागच्या चाकांना जोर देण्यासाठी सायकलसारखी साखळी असे. ती आवाज करी, धूळ खाई, सैल पडे, वारंवार तेल मागे. स्पायसरने साखळीऐवजी फिरता शाफ्ट घेतला. सांधा तर आधीपासून होताच. पण तो उघडा असल्यामुळे त्यात माती जायची आणि वंगण बाहेर यायचे. त्याने सांध्याला बंद घर दिले, वंगण आत राहील आणि घाण बाहेर राहील असे. १९०३ साली त्याला पेटंट मिळाले ते सांध्याच्या ह्या आवरणाचे. १९०४ मध्ये प्लेनफिल्ड गावात, छापखान्याची यंत्रे बनवणाऱ्या एका कारखान्याच्या कोपऱ्यात जागा घेऊन त्याने सांधे बनवायला सुरुवात केली. १९१४ मध्ये चार्ल्स डाना हे वकील धंद्यात आले आणि १९४६ पासून कंपनीला त्यांचे नाव मिळाले. स्पायसर त्याआधीच, १९३९ साली वारला होता.

साऊथ प्लेनफिल्डला हॅमिल्टन बुलेवार्डवर त्याचा मोठा कारखाना १९२९ पर्यंत होता. मग कंपनी ओहायो राज्यात टोलेडोला गेली. त्याच इमारतींत १९३६ ते १९६२ विजेचे कपॅसिटर बनत. त्यांतली पीसीबी नावाची विषारी रसायने जमिनीत मुरली. १९९८ मध्ये सरकारने ती जागा देशातल्या अतिदूषित जागांच्या यादीत घातली आणि २००८ मध्ये जुन्या इमारती पाडून झाल्या. तेव्हा बघण्यासारखे तिथे काहीही नाही. आम्ही गाडीतून उतरलोसुद्धा नाही. मामा खट्टू झाले. कुठेतरी एखादी पाटी, एखादा जुना चिमटा काचेत ठेवलेला, असे काही त्यांना अपेक्षित असावे.

पण परत येताना मुलीने आणखी एक गोष्ट वाचून दाखवली आणि मामींनी गाडी थांबवायला लावली. स्पायसर हा सेव्हन्थ डे बॅप्टिस्ट पंथाचा होता. हे लोक ख्रिस्ती, पण विश्रांतीचा दिवस रविवार नव्हे, शनिवार पाळणारे. प्लेनफिल्डला त्यांची मोठी वस्ती होती, अनेक वर्षे पंथाची मुख्य कचेरीही तिथेच होती. ज्या छापयंत्रांच्या कारखान्यात त्याला कोपरा मिळाला तोही त्याच पंथाच्या पॉटर घराण्याचा.

मामी म्हणाल्या, "म्हणजे हाही शनिवार तेली!"

मुलीला काही कळले नाही. तिला आणि तिच्यासारख्या सर्व मुलांना सांगतो : आपले पूर्वज कोकणात, अलिबाग-नवगावच्या बाजूला, तेलाचे घाणे चालवीत. गावातले बाकीचे घाणे आठवडाभर फिरत, आपल्या लोकांचा घाणा शनिवारी बंद. म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. बैल गोल फिरतो, घाण्यातली तिरकी लाट फिरते, तीळ चिरडतात, तेल खाली गळते. आता विचार करा, ज्याने सगळ्या जगाच्या मोटारींच्या सांध्यात वंगण टिकवून ठेवण्याचा धंदा काढला तो माणूसही शनिवारी हात न लावणारा निघावा! मामींचे हे नाते मामांना जरा ओढूनताणून आणलेले वाटले. आम्ही त्यावर एकमत केलेले नाही.

मुलगी न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात आल्फ्रेड नावाच्या गावात शिकते, चिनी मातीच्या विद्येत. तिचे टेबल, पुस्तकांचे कपाट आणि एक जुनी खुर्ची तिथे पोचवायची होती. स्पायसरही कॉर्नेलच्या आधी आल्फ्रेडलाच शिकला होता. भाच्याने काम बंद ठेवले आणि आम्ही चौघे निघालो. गाडीत पाचवा क्रॉस, पाच आठवड्यांपूर्वी घातलेला.

पेनसिल्व्हेनियाच्या सीमेवर डेलावेअर नदीने डोंगर कापून वाट काढली आहे, हायवे त्याच खिंडीतून जातो. मेपलची झाडे तांबडी-पिवळी झाली होती. आपल्याकडे खंडाळ्याच्या घाटात पावसानंतर जी हिरवळ असते तिला एखाद्याने हळद-कुंकू लावावे तसे दिसत होते. पण खरे सांगायचे तर मामांचे लक्ष झाडांकडे नव्हते. ते कान देऊन होते. पंचावन्नच्या वेगाला जमिनीतून पायाला एक बारीक थरथर लागे, साठला जाई, पासष्टला पुन्हा येई. "चाकं बॅलन्स केली आहेत," भाचा म्हणाला. चाकांची थरथर सीटला आणि स्टिअरिंगला लागते, ही तळव्याला लागत होती.

रात्री इथाकाला मुक्काम. कॉर्नेल विद्यापीठ टेकडीवर, खाली कायुगा नावाचे लांबच लांब सरोवर, आणि गावाच्या मधून दऱ्या. शहराच्या रस्त्यावरून चालताना पुलाखाली एकदम धबधबा दिसतो. जवळच टॉघॅनॉक धबधबा आहे, त्याची एक उडी २१५ फुटांची, नायगारापेक्षा उंच. (धबधब्याचे वचन दिले होते ते पाळले.) सिब्ली हॉल नावाची जी दगडी इमारत आहे तिथे स्पायसरच्या काळी इंजिनीअरिंगचे कॉलेज होते, आता वास्तुकलेचे आहे. गावातले रस्ते भलतेच उभे. बफेलो स्ट्रीटच्या चढावर सिग्नलला थांबून पुन्हा निघताना गाडीच्या पोटातून 'टक्' असा आवाज आला. भाच्याने आरशातून मामांकडे पाहिले. कोणी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दुपारी आल्फ्रेडला पोचलो. डोंगरांच्या बेचक्यात बसलेले लहानसे गाव. घरांवर तांबडी कौले बघून आम्हाला गलबलून आले. अमेरिकेत कौले कुठली! तर तिथे पूर्वी भाजलेल्या मातीची कौले बनवणारा कारखाना होता, तो १९०९ साली जळाला, पण कौले अजून छपरांवर आहेत. विद्यापीठ १८३६ पासूनचे, आणि ते सुरू केले त्याच शनिवारवाल्या पंथाने.

मुलीच्या खोलीकडे जाणारा शेवटचा चढ चढताना चिमणी बोलू लागली. ज्यांनी हा आवाज ऐकला आहे त्यांना सांगायला नको. चिव चिव चिव, गाडीचा वेग वाढला की चिमणी घाईने ओरडते, कमी केला की हळू. हा कोरड्या पडलेल्या क्रॉसचा आवाज.

सामान उतरवून झाल्यावर भाचा गाडीखाली शिरू लागला. मामांनी त्याला बाजूला केले. "मामा, तुम्ही नका जाऊ, गुडघे तुमचे..." "गुडघे वर राहतील, डोकं खाली जाईल." चाकांना दगड लावले, मामा आत गेले, मामी टॉर्च धरून आडव्या झाल्या. थंडीत मीठ टाकलेल्या रस्त्यांवरून फिरून शाफ्टवर मिठाचा आणि गंजाचा पापुद्रा धरला होता. मामांनी चिंधीने आणि तारेच्या ब्रशने तो काढला. ही गाडी लांब, म्हणून तिचा शाफ्ट दोन तुकड्यांचा, मध्ये एक बेअरिंग रबरात टांगलेले, आणि एकूण क्रॉस तीन. ते रबर फाटून शाफ्ट खाली ओघळला होता, हे मामांना दिसले. पण दुसरी गोष्ट दिसली ती मामींना. मामींनी आयुष्यभर शिवणकाम केले आहे.

"अहो, हा पुढचा कान आणि तो मागचा कान एका रेषेत नाहीत. बाही पिळून लावल्यासारखी दिसते."

मामा बराच वेळ गप्प राहिले. मग खडू मागितला.

मुलांनो, आता तो खेळ. एका ताटलीवर घड्याळासारखे बारा ठिपके सारख्या अंतरावर काढा. ताटली सरळ धरून बघा, सगळी अंतरे सारखी. आता ती बरीच तिरकी करा आणि एक डोळा मिटून बघा. काही ठिपके एकमेकांजवळ सरकलेले दिसतील, काही लांब. क्रॉसचे असेच होते. शाफ्ट तिरका असला की पुढचा भाग एकसारखा फिरत असूनही मागचा भाग एका फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दहा अंशांच्या कोनाला हा फरक साधारण दीड टक्का. ऐकायला थोडा, पण मिनिटाला अडीच हजार फेऱ्या म्हणजे पाच हजार धक्के. ह्यावर उपाय असा की दुसऱ्या टोकाला दुसरा क्रॉस तितक्याच कोनात लावायचा, म्हणजे पहिला जिथे धावतो तिथे हा रेंगाळतो आणि हिशेब चुकता होतो. त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे चिमटे एका रेषेत हवेत.

शाफ्ट लांब-आखूड होता यावा म्हणून त्याच्यात दातेरी सरकता जोड असतो. कोणीतरी कधीतरी तो जोड ओढून काढला होता आणि परत घालताना एक दात चुकवला होता. सोळा दातांपैकी एक म्हणजे साडेबावीस अंश. काढण्याआधी दोन्ही तुकड्यांवर खडूची एक रेघ ओढली असती तर हे झाले नसते. भाच्याच्या हातात यायच्या आधीचे असेल, नंतरचे असेल, विचारून उपयोग नव्हता.

तोवर उन्हे उतरली होती. जवळपासच्या एका वर्कशॉपाला फोन केला, ते म्हणाले, उद्या शनिवारी सकाळी आणा, दुपारपर्यंत करून देऊ, रविवारी बंद. झाली पंचाईत! त्यांचा रविवार आणि आपला शनिवार, मध्ये गाडी सापडली. सोमवारचे एक मोठे काम भाच्याच्या हातून जाणार होते. तो पाच मिनिटे गाडीभोवती फिरला. मग म्हणाला, "सोमवारी आणतो." मामींनी त्याच्यासमोर काही दाखवले नाही, पण खोलीत आल्यावर डोळे पुसले. लहानपणी हा मुलगा त्यांच्याच मांडीवर किद्दुश ऐकत झोपायचा.

शब्बाथची सकाळ शांत. आम्ही हळूहळू फिरायला निघालो. थोडे खाली, दरीत, आल्फ्रेड स्टेशन म्हणून गाव आहे, तिथल्या चर्चपाशी मोटारी उभ्या होत्या आणि लोक चांगले कपडे घालून आत जात होते. शनिवारी! आम्ही रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला उभे राहून बघत राहिलो. एक म्हातारे गृहस्थ हात हलवून "गुड सॅबथ" म्हणाले. आम्ही "शब्बाथ शालोम" म्हणालो. ते हसले आणि आत गेले. ना त्यांनी काही विचारले, ना आम्ही. आपण मुंबईत होतो तेव्हा शनिवारी रजा मागताना साहेबापुढे काय काय सांगावे लागे ते ज्यांना आठवते त्यांना कळेल की आम्हाला तिथून पाय का उचलवत नव्हता.

सोमवारी गाडी दुसऱ्या गाडीच्या पाठीवर चढवून वर्कशॉपात नेली. छपराला शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरचे मागचे शाफ्ट टांगलेले. कारागीर आमच्याच वयाचा. मामांच्या खडूच्या खुणा बघून त्याने लगेच हो म्हटले नाही. काही गाड्यांत कंपनीच चिमटे मुद्दाम वेगळ्या कोनात ठेवते, म्हणून त्याने आधी जाड पुस्तक काढून ह्या गाडीचे पान पाहिले. मग मान हलवली. ही त्याची रीत मामांना फार आवडली.

जोड सोडवून एक दात फिरवला. मधले बेअरिंग रबरासकट नवे. शाफ्ट बॅलन्सच्या यंत्रावर फिरवून घेतला. चिमट्याच्या कानांची भोके सरळ आहेत का तेही पाहिले, कारण क्रॉस हातोड्याने ठोकून काढताना कान वाकतात आणि मग कितीही चांगला क्रॉस त्यात आवळला जातो. शेवटी लोहचुंबकाचा कोनमापक लावला. मागच्या क्रॉसचा कोन आधी सात अंश होता, तो अडीचवर आला. तीनच्या आत असावा असा साधारण नियम. मग शून्य का नको? भाच्याने हेच विचारले. शून्य कोनात काड्या हलतच नाहीत, एकाच जागी दाब खात बसतात आणि खड्डे पाडतात. क्रॉसला थोडे तरी वाकत राहावे लागते. हे ऐकून मामींनी मामांच्या गुडघ्यांकडे पाहिले.

तिन्ही क्रॉस नवे घातले. कोणते घालायचे ह्यावरून दोघा म्हाताऱ्यांचा अर्धा तास गेला. कारागिराचे म्हणणे, बंद क्रॉस घाला, त्यात ग्रीससाठी भोक नसते म्हणून लोखंड भरीव आणि ताकद जास्त. मामांचे म्हणणे, निप्पलवाला घाला, मिठाच्या रस्त्यांवर दर तेलबदलाला ताजे ग्रीस भरले की आतले पाणी बाहेर येते. दोघेही बरोबर आहेत. ज्याला ग्रीस भरायची सवय नाही त्याने बंदच घ्यावा. भाच्याने निप्पलवाला घेतला आणि मामांनी त्याच्याकडूनच ग्रीस गन चालवून घेतली. चारही वाट्यांच्या तोंडातून ताजे ग्रीस डोकावेपर्यंत दाबायचे. तिघांतून आले आणि चौथ्यातून नाही तर तो चौथाच उद्या चिवचिवणार. तेव्हा शाफ्ट थोडा हलवायचा, पुन्हा दाबायचे.

बिल एका क्रॉसच्या दुरुस्तीपेक्षा जास्त झाले आणि चार दुरुस्त्यांच्या बेरजेपेक्षा पुष्कळ कमी. सोमवारचे काम गेलेच, ते दुसऱ्या नळवाल्याला मिळाले.

परतीच्या वाटेवर पासष्टला मामांनी बूट काढून तळवा गाडीच्या तळाला लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग ते झोपी गेले. डेलावेअरची खिंड त्यांनी जाताना पाहिली नाही आणि येतानाही नाही.

आम्ही अश्दोदला परतलो त्याला आता वर्ष होत आले. पिकअप विकलेली नाही. मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला, "मामा, गाडीखालून पुन्हा आवाज येतोय." आमच्या छातीत धस्स झाले. मामांनी फोन गाडीखाली धरायला सांगितला आणि डोळे मिटून ऐकले. "वेग वाढवला की वाढतो का?" नाही. "वळताना?" नाही. "खड्ड्यात?" हो, खड्ड्यातच. सायलेन्सरचा रबरी हँगर तुटला होता.